भूसंपादन : मोबदला मिळतो, सुनावणी मिळते का?

भूसंपादनाचा वाद वृत्तपत्रांत येतो तो बहुतेक वेळा आकड्यांच्या रूपाने. गुंठ्याला किती, एकरी किती, रेडी रेकनरच्या किती पट, याचीच चर्चा होते. दर ठरला की वाद मिटला, अशी शासकीय यंत्रणेची समजूत असते आणि पुष्कळदा जमीनमालकही तसेच समजून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२४ रोजी दिलेल्या एका निकालाने या समजुतीला छेद दिला. प्रकरण होते कोलकाता महापालिकेचे. शहरातील एका खासगी मालमत्तेवर उद्यानासाठी महापालिकेने हक्क सांगितला आणि त्यासाठी पालिका कायद्याच्या ३५२व्या कलमाचा आधार घेतला. हे कलम फार तर कोणती जमीन हवी हे ठरविण्याची मुभा देते. जमीन संपादित करण्याचा अधिकार देत नाही, असे न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. अरविंद कुमार यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले. महापालिकेचे अपील फेटाळताना तिला पाच लाख रुपयांचा खर्चही सोसावा लागला.

निकालाचे महत्त्व या एका भूखंडापुरते नाही. खासगी मालमत्ता घेताना शासनाने कोणती सात कर्तव्ये पाळलीच पाहिजेत, याची यादी न्यायालयाने त्यात दिली. मालकाला आधी सूचना मिळाली पाहिजे. त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले पाहिजे. निर्णय सकारण असला आणि तो मालकाला कळविला गेला पाहिजे. संपादन सार्वजनिक प्रयोजनासाठीच असले पाहिजे. वाजवी मोबदला किंवा पुनर्वसन मिळाले पाहिजे. प्रक्रिया कार्यक्षमतेने आणि ठरल्या मुदतीत चालली पाहिजे. अखेरीस ताबा घेऊन ती रीतसर पूर्ण झाली पाहिजे. या सातांतील एकच कर्तव्य थेट पैशाचे आहे. उरलेली सहा प्रक्रियेची आणि प्रयोजनाची आहेत, आणि भूसंपादनाच्या चर्चेत नेमकी तीच मागे पडत आली आहेत.

हक्क गेला, कलम उरले

मालमत्तेचा हक्क हा एकेकाळी मूलभूत हक्क होता. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला गेला आणि त्याच्या जागी ३००-अ हे अनुच्छेद आले. कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणाही व्यक्तीस तिच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, एवढेच ते सांगते. वरवर पाहता ही तरतूद दुबळी वाटते. विधिमंडळाने कायदा केला आणि अधिकाऱ्याने त्यातील एखाद्या कलमाचा उल्लेख केला की काम भागले, असा तिचा अर्थ अनेक वर्षे सोयीस्करपणे लावला गेला. कोलकात्याच्या निकालाने हा अर्थ नाकारला. कलमाचा नुसता उल्लेख पुरेसा नाही, त्या कायद्यात न्याय्य प्रक्रियाही असली पाहिजे आणि ती पाळली गेली पाहिजे, असा त्याचा मथितार्थ आहे.

प्रक्रियेचे हे महत्त्व नव्याने सापडलेले नाही. ब्रिटिशांच्या काळातील १८९४च्या भूसंपादन कायद्यात मुळात मालकाला संपादनाविरुद्ध हरकत घेण्याची सोय नव्हती. भांडण करायचे तर ते रकमेपुरते. १९२३ मध्ये ५-अ हे कलम घालण्यात आले आणि 'माझी जमीन का घेता?' हा प्रश्न अधिकृतपणे विचारण्याचा हक्क जमीनमालकाला मिळाला. त्याच दशकाच्या आरंभी महाराष्ट्रात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींचा तो लढा केवळ भावाचा नव्हता. आपल्याला न विचारता आपली जमीन कोण कशी घेऊ शकते, हा त्यामागचा सवाल होता.

तातडीचे कलम आणि कागदी सुनावणी

५-अ कलमाची सुनावणी टाळण्यासाठी याच कायद्यात एक पळवाटही होती. १७व्या कलमान्वये 'तातडी' असल्याचे शासनाने ठरविले की सुनावणी वगळता येत असे. पूर, युद्ध, रेल्वे अशा प्रसंगांसाठी असलेले हे कलम पुढे गृहप्रकल्प आणि औद्योगिक वसाहतींसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. दिल्लीलगतच्या ग्रेटर नोएडा परिसरात त्याची परिणती दिसली. औद्योगिक विकासाच्या नावाखाली तातडीने घेतलेल्या शेतजमिनी बांधकाम व्यावसायिकांच्या हाती गेल्या. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबेरी गावातील संपादन रद्द ठरविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तीन गावांतील संपादन रद्द केले आणि अन्य गावांतील शेतकऱ्यांना ६४.७ टक्के वाढीव मोबदला तसेच विकसित जमिनीचा १० टक्के हिस्सा देण्याचा आदेश दिला. यात केवळ शेतकऱ्यांचे नुकसान झाले नाही. त्या जमिनींवरील इमारतींत सदनिका नोंदविणारे मध्यमवर्गीय ग्राहकही टांगणीला लागले. सुनावणीसाठी जे काही महिने वाचविले गेले, त्यांची किंमत अनेकांनी वर्षानुवर्षे मोजली.

पश्चिम बंगालमधील सिंगूरचे उदाहरण अधिक बोलके आहे. मोटार कारखान्यासाठी २००६ मध्ये घेतलेली सुमारे ९९७ एकर जमीन शेतकऱ्यांना परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी दिला. प्रयोजनाच्या प्रश्नावर खंडपीठातील दोन न्यायमूर्तींचे एकमत नव्हते. न्या. गोपाल गौडा यांच्या मते हे संपादन खासगी कंपनीसाठी होते आणि त्याला सार्वजनिक प्रयोजन म्हणता येत नव्हते. न्या. अरुण मिश्रा यांना रोजगारनिर्मितीचे प्रयोजन मान्य होते. मात्र हरकतींची सुनावणी यांत्रिकपणे उरकली गेली, यावर दोघांचेही एकमत झाले. म्हणजे मोठ्या उद्योगाचे आणि राज्याच्या औद्योगिक धोरणाचे भवितव्य ज्या मुद्द्यावर फिरले, तो मुद्दा अनेक अधिकारी निव्वळ औपचारिकता मानतात. कंपनी तोपर्यंत गुजरातमधील साणंद येथे केव्हाच निघून गेली होती.

हरकतीची सुनावणी कागदी का ठरते, याचे कारण यंत्रणेच्या रचनेत आहे. हरकत ऐकणारा अधिकारी त्याच शासनाचा असतो ज्याला जमीन हवी आहे. तो अहवाल पाठवितो आणि निर्णय वरिष्ठ पातळीवर होतो. अनेक अहवालांत सर्व हरकतींना एकच साचेबद्ध उत्तर दिलेले असते. 'प्रकल्प सार्वजनिक हिताचा असल्याने हरकत फेटाळण्यात येत आहे' या वाक्यात ना विहिरीचा उल्लेख असतो, ना पर्यायी रेखांकनाचा, ना शेजारी पडून असलेल्या शासकीय जमिनीचा. सकारण निर्णय हे स्वतंत्र कर्तव्य म्हणून न्यायालयाने का नोंदविले, ते यावरून कळते.

नवा कायदा आणि त्याच्या वाटा

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३च्या भूसंपादन कायद्याने या त्रुटींपैकी अनेक दूर केल्या. अधिसूचनेपूर्वी सामाजिक परिणामांचे निर्धारण आणि जनसुनावणी बंधनकारक झाली. हरकतींसाठी ६० दिवसांची मुदत मिळाली. खासगी कंपनीसाठी संपादन असल्यास ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. तातडीचे कलम राष्ट्रीय संरक्षण, सुरक्षा आणि नैसर्गिक आपत्तीसारख्या प्रसंगांपुरते मर्यादित झाले. बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम देण्याची तरतूद झाली आणि मोबदला पूर्ण दिल्याशिवाय ताबा घेऊ नये, असे बंधन आले.

उद्योगजगताने आणि प्रशासनाने या कायद्याला किचकट आणि वेळखाऊ ठरविले. केंद्र सरकारने डिसेंबर २०१४ पासून वटहुकमांद्वारे संमती आणि सामाजिक परिणामांच्या अटी शिथिल करण्याचा प्रयत्न केला. विरोध वाढल्यावर ऑगस्ट २०१५ अखेरीस अखेरचा वटहुकूम व्यपगत होऊ देण्यात आला. शेतकऱ्यांचा विजय म्हणून त्याचे स्वागत झाले. पुढे मात्र हेच काम राज्यांनी आपापल्या पातळीवर केले. तमिळनाडू, गुजरात, तेलंगण यांच्यापाठोपाठ महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. पायाभूत सुविधा, औद्योगिक पट्टे, परवडणारी घरे आदी प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या प्रकरणातून सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाला मिळाला. महामार्ग अधिनियम, औद्योगिक विकास अधिनियम, प्रादेशिक व नगररचना अधिनियम आणि म्हाडा अधिनियम या राज्याच्या चार कायद्यांखालील संपादन मूळ केंद्रीय कायद्याच्या चौकटीबाहेर ठेवण्यात आले. मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांना लागू करण्याची सोय दुरुस्तीत आहे. म्हणजे पैसा नव्या कायद्याचा आणि प्रक्रिया जुन्या कायद्यांची, अशी ही विभागणी झाली.

तिचे परिणाम महाराष्ट्रात दिसत आहेत. पुण्याजवळील पुरंदर विमानतळासाठी सात गावांतील जमिनी घेताना २०२५ मध्ये राज्याने औद्योगिक विकास अधिनियमाचा मार्ग निवडला. त्या कायद्यात मालकाला कारणे दाखविण्याची सूचना आणि सुनावणी आहे. गावाच्या अर्थव्यवस्थेचे, अंजीर-सीताफळाच्या बागांचे आणि भूमिहीन मजुरांचे काय होणार, याचा स्वतंत्र अभ्यास मात्र तो कायदा मागत नाही. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. जनसुनावणीत जे प्रश्न मांडले गेले असते, ते बांधावर मांडले गेले. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या प्रस्तावाबाबतही तेच घडले. प्रखर विरोधानंतर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील भूसंपादनाची अधिसूचना मागे घेण्याची वेळ राज्य शासनावर आली. आधी रेखांकन, मग अधिसूचना आणि शेवटी लोकांशी बोलणे, हा क्रम उलटा केला असता तर यातील बराच संघर्ष टळू शकला असता.

राष्ट्रीय महामार्गांची वाट आणखी अरुंद आहे. १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार हरकतीसाठी अवघे २१ दिवस मिळतात. अंतिम घोषणा प्रसिद्ध होताच जमीन केंद्र शासनाकडे निहित होते. मोबदल्याचा निवाडा त्यानंतर येतो. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जायचे आणि तो लवाद नेमायचा केंद्र शासनानेच. हा लवाद बहुधा महसूल खात्यातील अधिकारी असतो. १९९७च्या दुरुस्तीने महामार्गांसाठी जमीन गमावणाऱ्यांची दिलासा रक्कम आणि व्याज बंद झाले होते. एकाच गावातील दोन शेतकऱ्यांना केवळ कायदा वेगळा म्हणून वेगळी वागणूक देता येणार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरविली.

पंचनाम्याने बंद होणारे दार

न्यायालये नेहमीच मालकाच्या बाजूने उभी राहतात, असे मात्र नाही. जानेवारी २०१४ मध्ये पुणे महापालिकेच्या वन उद्यानासाठी घेतलेल्या ४३.९४ एकर जमिनीचे संपादन सर्वोच्च न्यायालयाने व्यपगत ठरविले होते. मोबदला मालकांना दिला नव्हता आणि न्यायालयातही जमा केला नव्हता. तो नुसता शासकीय कोषागारात पडून होता, हे त्याचे कारण. या निकालाच्या आधारे देशभरात जुनी संपादने रद्द करण्याच्या याचिकांचा पूर आला. सहा वर्षांनी, ६ मार्च २०२० रोजी, इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच सदस्यीय घटनापीठाने हा अर्थ बदलला. ताबाही घेतलेला नाही आणि मोबदलाही दिलेला नाही, अशा दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच जुने संपादन व्यपगत होईल, असे पीठाने ठरविले. मोकळ्या जमिनीचा ताबा पंचनामा करून घेतला तरी तो वैध मानला जाईल आणि त्यानंतर जमिनीवर राहिलेला मूळ मालक अतिक्रमण करणारा ठरेल, असेही त्यात म्हटले आहे.

सामान्य जमीनमालकाच्या दृष्टीने हा निकाल निर्णायक आहे. पंचनामा दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तयार होतो. शेतात पीक उभे असते, सातबारावर नाव कायम असते आणि मालकाला वाटते की जमीन अजून आपलीच आहे. कायद्याच्या नजरेत ती केव्हाच गेलेली असते. प्रक्रियेतील दोष दाखवायचा तर तो निवाडा आणि ताबा यांच्या आधी दाखवावा लागतो. उशिरा आलेल्या याचिकांकडे न्यायालये सहानुभूतीने पाहत नाहीत.

उशीर शासनाने केला तर काय, हा याचाच दुसरा भाग आहे. बंगळुरू-म्हैसूर मार्गिकेसाठी २००३ मध्ये अधिसूचना निघाली, २००५ मध्ये ताबा घेतला गेला आणि निवाडा झाला २०१९ मध्ये. मोबदला मात्र २०११च्या दराने काढला गेला. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले विशेषाधिकार वापरून २०१९चा बाजारभाव देण्याचा आदेश दिला. पैशाचे मूल्य काळाबरोबर घटते, याची दखल न्यायालयाने घेतली.

महाराष्ट्राला अधिक अस्वस्थ करणारे प्रकरण पुण्यातील पाषाणचे आहे. १९६३ मध्ये खासगी जमीन शासनाने ताब्यात घेतली आणि ती संरक्षण संशोधन संस्थेकडे गेली. मालकाच्या वारसांना पर्यायी म्हणून दिलेली जमीन वनजमीन निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, योग्य मोबदला दिला नाही तर लाडकी बहीणसारख्या योजना थांबविण्याचा आदेश देऊ, असा इशारा राज्य शासनाला दिला. सहा दशके चाललेल्या या वादाचे मूळ दरात नव्हते. रीतसर संपादन न करता घेतलेला ताबा हे त्याचे मूळ होते. हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर विधवेची जमीन १९६७ मध्ये अशीच रस्त्यासाठी घेतली गेली होती. ताबा दीर्घकाळ असल्याने जमीन आपलीच झाली, असा दावा राज्याने केला. कल्याणकारी राज्याला नागरिकाच्या जमिनीवर असा प्रतिकूल ताब्याचा हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सुनावले.

शहरातील अदृश्य संपादन

भूसंपादन हा ग्रामीण प्रश्न आहे, असे शहरी वाचकाला वाटते. प्रत्यक्षात विकास आराखड्यातील आरक्षण हे शहरातील सर्वांत प्रदीर्घ चालणारे संपादन आहे. शाळा, उद्यान किंवा रस्त्यासाठी भूखंड आरक्षित होतो. महापालिकेकडे पैसे नसतात. मालकाला बांधकाम करता येत नाही, विकता येत नाही आणि मोबदलाही मिळत नाही. यावर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे १२७वे कलम हा उपाय आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदी सूचना बजावू शकतो. त्यानंतर विहित मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती. ती आधी बारा आणि २०१५ मध्ये चोवीस महिन्यांची झाली. म्हणजे दहा वर्षे वाट पाहिलेल्या मालकाने आणखी दोन वर्षे थांबायचे. 'पावले उचलणे' याचा अर्थ प्रस्तावाचे पत्र पाठविणे असा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच गिरनार ट्रेडर्स प्रकरणात बजावले आहे. तरीही मुदत संपता संपता पत्रव्यवहार सुरू करण्याची सवय अनेक नियोजन प्राधिकरणांची गेलेली नाही.

उपाय कोणते?

शासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. रस्ते, धरणे, मेट्रो, विमानतळ यांच्यासाठी जमीन लागतेच. एका गटाच्या वादामुळे संपूर्ण प्रकल्प रखडला तर वाढीव खर्च अखेर करदात्यावर पडतो. प्रत्येक तांत्रिक चुकीसाठी संपादन रद्द करणे समाजाला परवडणारे नाही. पण सिंगूर आणि नोएडाचा अनुभव सांगतो की सर्वांत महाग विलंब हा टाळलेल्या सुनावणीतून येतो. समृद्धी महामार्गासाठी मोठ्या प्रमाणावर थेट खरेदीचा मार्ग अवलंबिला गेला. मालकाशी समोरासमोर वाटाघाटी केल्या तर ७०१ किलोमीटरचा मार्गही पूर्ण होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

सुधारणेसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. हरकतींची सुनावणी प्रकल्प राबविणाऱ्या खात्याशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. प्रत्येक हरकतीवरील निर्णय कारणांसह मराठीत, लेखी स्वरूपात मालकाच्या हाती द्यावा. ताब्याचा पंचनामा मालकाला पूर्वसूचना देऊनच करावा आणि त्याचे छायाचित्रण व्हावे. राज्याच्या ज्या चार कायद्यांना सूट मिळाली आहे, त्यांच्याखालील मोठ्या प्रकल्पांना तरी सामाजिक परिणामांचा अभ्यास लागू करावा. यातील बहुतेक गोष्टी शासन निर्णयानेही करता येतील.

जमीनमालकांसाठीही काही पथ्ये आहेत. वारसनोंदी आणि फेरफार अद्ययावत नसतील तर सूचना मृत व्यक्तीच्या नावे निघते आणि मुदत निघून जाते. हरकत मुदतीत, लेखी आणि पोच घेऊनच द्यावी; तीत केवळ 'जमीन देणार नाही' असे न म्हणता पर्याय आणि नुकसान यांचा तपशील असावा. मोबदला स्वीकारताना तो हक्क राखून स्वीकारत असल्याचे नोंदवावे. २०१३च्या कायद्यानुसार निवाड्याच्या वेळी हजर असलेल्या मालकाला वाढीव मोबदल्याचा अर्ज सहा आठवड्यांतच करावा लागतो, हे अनेकांना मुदत संपल्यावर कळते.

मालमत्ता घेण्याचा शासनाचा अधिकार कोणीही नाकारत नाही. तो कसा वापरला जातो, यावर नागरिकाचे संरक्षण अवलंबून आहे. पाच पट दर देऊनही सुनावणी नाकारली गेली, तर तो व्यवहार सक्तीचाच राहतो. कोलकात्याच्या निकालातील सात कर्तव्ये प्रत्येक भूसंपादन अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचली, तर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ पुष्कळ कमी लोकांवर येईल.